जुना फोरट्रान, नवे-जुने प्रोसेसर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर चवथीला फोंड्याच्या घरी माणसं जमली की माटोळीखाली कुणाचा तरी लॅपटॉप उघडतो. “काका, आमच्या सरांनी हा प्रोग्राम दिलाय, चालतच नाही.” बघावं तर फोरट्रान (शास्त्रीय गणिताची जुनी संगणकभाषा), आणि तोही भाच्याच्या बापाच्या वयाचा. तीच तीच उत्तरं देऊन तोंड दुखलं, म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत. उदाहरणं बहुतेक भरती-ओहोटीची आहेत. गोव्यात फोरट्रान म्हटला की समुद्र आलाच : दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोला ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ. समुद्राची आणि हवेची मोठमोठी मॉडेलं आजही फोरट्रानातच आहेत.

कंपाइलर म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या पर्यायांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, आधी आडवी रेघ देऊन लिहायची.

प्रोग्राम १९७८ च्या आसपासचा आहे. आजच्या मशीनवर चालेल का?

चालेल. कंपाइल व्हायला दोन दिवस लागतील आणि उत्तर बरोबर यायला कदाचित दोन महिने. हे घाबरवायला सांगत नाही. प्रोग्राम ज्या यंत्रावर लिहिला गेला त्याच्या सवयी ओळीओळीत मुरलेल्या असतात आणि त्या कुठेही लिहून ठेवलेल्या नसतात. कंपाइलरला व्याकरण कळतं, सवयी कळत नाहीत.

म्हणून कोडला हात लावण्याआधी दोन गोष्टी शोधा. एक, तो मुळात कुठल्या यंत्रावर चालायचा. दोन, त्या काळच्या एखाद्या रनचा छापील निकाल, इनपुटसकट. प्रबंधाच्या परिशिष्टात, कपाटाच्या वरच्या फळीवर, निवृत्त सरांच्या घरी, कुठेही असेल. तो कागद मिळाला तर अर्धं काम झालं. नाही मिळाला तर आपलं उत्तर बरोबर की चूक हे ठरवायला तुमच्याकडे काहीच नाही.

पण भाषा तीच आहे ना? प्रोसेसर बदलल्याने एवढं काय बदलतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून इथे जरा बैठक मारतो.

जॉन बॅकस आणि त्यांच्या चमूने १९५७ साली आयबीएम ७०४ साठी पहिला फोरट्रान कंपाइलर दिला. त्या यंत्राचा शब्द, म्हणजे एका वेळी हाताळायचा बिटांचा (० किंवा १ अशा अंकांचा) गठ्ठा, ३६ बिटांचा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० आला, त्याचा शब्द ४८ बिटांचा. सीडीसी ६६०० चा ६० बिटांचा. आयबीएम ३६० चा ३२, पण त्याची अपूर्णांक संख्या दोनाच्या नव्हे तर सोळाच्या घातांवर चालायची. डेक कंपनीच्या व्हॅक्सची तऱ्हा आणखी निराळी. संख्या कशा साठवायच्या याचं आज सर्रास वापरात असलेलं आयट्रिपलई ७५४ हे प्रमाण १९८५ साली आलं. त्याआधी प्रत्येक कंपनीचा आपापला कारभार, आणि ‘रिअल’ (फोरट्रानातली अपूर्णांक संख्या) हा एकच शब्द सगळीकडे वेगळ्या मापाचा.

आता भरतीच्या प्रोग्रामात हे कसं चावतं ते पाहा. वेळ मोजायला असे प्रोग्राम अनेकदा ज्युलियन दिवस वापरतात. हा खगोलवाल्यांचा सलग दिवसांचा आकडा. १ जानेवारी २००० च्या दुपारी बाराला तो २४५१५४५ होता. एवढा आकडा बायनरीत लिहायला २२ अंक लागतात. आजच्या साध्या ३२ बिटी रिअलकडे नेमके अंक असतात २४. उरले दोन. म्हणजे दिवसाचे चारच भाग पडणार, आणि सहा तासांपेक्षा बारीक वेळ त्या चलात मावणारच नाही. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य भरतीचा फेरा १२ तास २५ मिनिटांचा. सहा तासांच्या मापाने तो मोजणं म्हणजे पायलीने हळद मोजणं.

हाच प्रोग्राम सीडीसी ६६०० वर उत्तम चालला असता. तिथे साध्या रिअललाच ४८ नेमके अंक होते. २२ गेले तरी २६ उरतात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ कळते. लिहिणाऱ्याने काहीच चूक केली नव्हती. त्याच्या यंत्रावर ‘रिअल’ पुरत होता, म्हणून त्याने ‘डबल प्रिसिजन’ (दुप्पट मापाचा रिअल) लिहिलं नाही. आणि कंपाइलर? एक अक्षर बोलत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही; भरतीचा आलेख तेवढा पायऱ्यापायऱ्यांचा निघतो.

मग सगळे रिअल एका फटक्यात डबल करणारा पर्याय लावला तर?

जीफोरट्रान या फुकट कंपाइलरमध्ये तो आहे : ‘एफ-डिफॉल्ट-रिअल-८’. पहिल्या दिवशी लावून पाहायला हरकत नाही. उत्तर सुधारलं तर आजार काय ते कळलं. पण कायमचं औषध म्हणून घेऊ नका. त्याने आधीच डबल असलेली चलं आणखी मोठी, १६ बाइटांची होतात, ती तशी नको असतील तर ‘एफ-डिफॉल्ट-डबल-८’ सोबत लावावा लागतो. कॉमन ब्लॉकात (सामायिक मेमरीत) किंवा इक्विव्हॅलन्समध्ये (एकाच जागेला दोन नावं) इंटिजर (पूर्णांक) आणि रिअल एकमेकांवर बसवलेले असतील तर मांडणी विस्कटते. बायनरी फाइल वाचणारी ओळ दुप्पट बाइट ओढते. आणि बाहेरच्या लायब्ररीला तुम्ही चार बाइटांच्या जागी आठ देता.

वेळेची चलं हाताने डबल करा, किंवा दिवस मोजायला जवळची तारीख आरंभ म्हणून धरा. तासाभराचं काम.

कंपाइलर कुठला घ्यावा?

अनेक प्रोसेसरांसाठी हवा असेल तर जीफोरट्रान, त्यात फार विचार करू नका. २००५ साली जीसीसी या कंपाइलर-संचाच्या ४.० आवृत्तीत तो जुन्या जी७७ च्या जागी आला, आणि जीसीसी जिथे पोचतो तिथे बहुतेक तोही पोचतो : इंटेल, एआरएम, पॉवर, रिस्क-फाइव्ह, आयबीएमचे मेनफ्रेम, स्पार्क, अल्फासुद्धा. इंटेलचा जुना आयफोर्ट २०२४ साली बंद झाला. नवा आयएफएक्स वेगवान आहे, पण ३२ बिटी प्रोग्राम करत नाही. एलएलव्हीएम प्रकल्पाचा फ्लँग कंपाइलर आता कामाचा झाला आहे, दुसरं मत घ्यायला जरूर ठेवा. दोन वेगळ्या कंपाइलरांनी एकच उत्तर दिलं की मला रात्री झोप लागते.

प्रोग्रामात ‘रिअल कंसात ८’ असं लिहिलं असेल तर लक्षात ठेवा, तो ८ म्हणजे बाइट असा कुठलाही नियम नाही. नॅग कंपनीच्या कंपाइलरात मूळ क्रमांक १, २ असे आहेत. ‘सिलेक्टेड रिअल काइंड’ वापरा आणि किती अंक हवेत ते सांगा.

माझ्याकडे एकच लॅपटॉप आहे. त्यावरून इतर प्रोसेसरांसाठी कंपाइल कसं करायचं?

याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सांवर प्रत्येक आर्किटेक्चरसाठी (प्रोसेसरच्या घराण्यासाठी) जीफोरट्रानचं वेगळं पॅकेज मिळतं, नावाच्या शेवटी आर्किटेक्चरचं नाव जोडलेलं असतं. ते बसवा, नेहमीच्या कमांडऐवजी त्या लांब नावाची कमांड द्या, झालं. तयार फाइल कुणासाठी आहे ते ‘फाइल’ ही कमांड एका ओळीत सांगते. ही तपासणी प्रत्येक वेळी करा. मेकफाइलमध्ये (बांधणीच्या आज्ञांच्या फाइलीत) कंपाइलरचं नाव एका जागी बदलून दुसऱ्या जागी विसरणं यात माझा हात कुणी धरणार नाही.

चालवून पाहायला क्यूईएमयू हे दुसऱ्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर वापरा. पूर्ण मशीन उभं करायची गरज नसते. त्याचा युजर-मोड एकट्या प्रोग्रामला दुसऱ्या प्रोसेसरचा भास देतो. फक्त त्या आर्किटेक्चरच्या लायब्ररी कुठे आहेत ते कॅपिटल ‘एल’ पर्यायाने दाखवा, नाहीतर प्रोग्राम ‘स्टॅटिक’ लिंक करून, म्हणजे लायब्ररी आतच जोडून, हा त्रासच मिटवा. वेग मार खातो, पण तपासायला पुरतो.

एक युक्ती : बाइटांचा क्रम उलटा असलेलं मशीन आता सहसा हाताला लागत नाही, पण आयबीएमच्या एस३९०एक्सचा क्रॉस-कंपाइलर आणि क्यूईएमयू दोन्ही फुकट मिळतात. जुन्या सनच्या मशीनवरच्या फाइली वाचायच्या असतील तर रंगीत तालीम तिथे करा.

“इलीगल इन्स्ट्रक्शन” म्हणून प्रोग्राम मरतो. माझ्या मशीनवर तर चालतो.

तुम्ही ‘मार्च’ला ‘नेटिव्ह’ दिलंय. नाही? मेकफाइल उघडून बघा, कुणीतरी दिलंच असेल.

(हा मार्च म्हणजे महिना नव्हे, मशीन आर्किटेक्चर.) ‘नेटिव्ह’ म्हणजे ‘या मशीनवर जे जे आहे ते सगळं वापर’. तुमच्या लॅपटॉपवर एव्हीएक्स-२ (वेगवान गणिताच्या जादा सूचना) असतं, प्रयोगशाळेतल्या जुन्या डब्यावर नसतं. मी स्वतः हे केलंय. रात्री जागून बांधलेली बायनरी (कंपाइल झालेली फाइल) पेनड्राइव्हवर घालून भर पावसात एका ठिकाणी घेऊन गेलो, सगळ्यांसमोर एंटर मारला, एक ओळ आली आणि संपलं. तिथे इंटरनेटही नव्हतं. घरी परत.

इंटेल-एएमडीच्या ६४ बिटी प्रोसेसरांच्या आता व्ही१ ते व्ही४ अशा पायऱ्या ठरल्या आहेत. साधारण २०१३ नंतरच्या हॅसवेल पिढीपासून व्ही३ चालते, पण त्यानंतरचे काही स्वस्त प्रोसेसरही तिथवर पोचत नाहीत. वाटायची बायनरी असेल तर व्ही१ वर थांबा. फार तर व्ही२. मॉडेल आठवडाभर चालणार असेल आणि मशीन आपलंच असेल, तरच ‘नेटिव्ह’.

“जीलिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही” असं येतं.

जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ लायब्ररी. याचा प्रोसेसरशी संबंध नाही. नव्या लिनक्सवर बांधलेला प्रोग्राम जुन्यावर नेलात. सगळ्यात जुन्या सिस्टिमवर बांधा, किंवा स्टॅटिक लिंक करा.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी एआरएमचा क्रॉस-कंपाइलर वापरला, तरी पहिल्या पायवर आणि पाय झीरोवर चालत नाही.

डेबियनचा ३२ बिटी ‘आर्मएचएफ’ एआरएमव्ही७ धरून चालतो. पहिला पाय आणि मूळ झीरो एआरएमव्ही६ आहेत. नाव सारखंच, पायची स्वतःची सिस्टिमही स्वतःला ‘आर्मएचएफ’च म्हणवते, म्हणून माणूस फसतो. ‘मार्च’ बदलून भागत नाही, कारण सोबत जोडली जाणारी लायब्ररी व्ही७ चीच असते. सरळ पायवरच कंपाइल करा. चहा पिऊन या, होतं.

हीच गोष्ट इंटेलच्या जुन्या प्रोसेसरांना लागू आहे. जीसीसी अजूनही ‘आय३८६’ हा शब्द स्वीकारतो आणि तुमचा कोड त्याप्रमाणे बनवतोही. पण वितरणासोबत आलेली लायब्ररी ६८६ साठी, म्हणजे १९९५ च्या पेंटियम प्रोच्या धर्तीवर बांधलेली असते. पर्याय तुमच्या ओळींवर चालतो, लायब्ररीवर नाही.

इंटेलवर ठीक, आणि एआरएमच्या लॅपटॉपवर मध्येच “नॅन” (‘हा आकडा नव्हे’ अशी खूण) येतो. प्रोसेसर खराब आहे का?

प्रोसेसर जास्तच नेमका आहे, ही अडचण.

समजा कोडात ए-वर्ग वजा बी-वर्ग याचं वर्गमूळ आहे, आणि एखाद्या क्षणी ए आणि बी अगदी समान होतात. साध्या इंटेल बांधणीत दोन्ही वर्ग वेगवेगळे काढले जातात, दोन्ही सारखेच गोल होतात, वजाबाकी शून्य. ६४ बिटी एआरएममध्ये गुणाकार आणि बेरीज एकाच दमात करणारी सूचना मुळातच असते, आणि ऑप्टिमायझेशन लावलं की जीफोरट्रान ती वापरतो. मग एक वर्ग गोल न करता पूर्ण राहतो आणि त्यातून दुसरा, आधीच गोल झालेला वर्ग वजा होतो. उरतो गोल करताना सांडलेला कण. तो कण उणे असला तर वर्गमूळ नॅन, आणि पुढच्या सगळ्या ओळी नासल्या. दुधात मिठाचा खडा.

‘एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट’ला ‘ऑफ’ द्या आणि पाहा. नॅन गेला तर निदान पक्कं. पण खरी दुरुस्ती कोडात करा : (ए वजा बी) गुणिले (ए अधिक बी) असं लिहा. हाच प्रकार इंटेलवर व्ही३ ने कंपाइल केल्यावरही होतो, तेव्हा एआरएमला शिव्या देऊ नका.

आणि जुन्या ३२ बिटी पेंटियमवर शेवटचे अंक वेगळे येतात, शिवाय प्रिंट टाकलं की चूक गायब होते!

हे भूत नाही, एक्स८७ हा इंटेलचा जुना गणिताचा भाग आहे. त्याची गणिताची रजिस्टरं ८० बिटांची. आकडा रजिस्टरात आहे तोवर जादा अंकांसकट असतो, मेमरीत उतरला की ६४ वर कापला जातो. प्रिंट टाकलं की त्याला मेमरीत उतरावं लागतं, म्हणून उत्तर बदलतं. पेंटियम-४ किंवा त्यापुढचं मशीन असेल तर ‘एमएसएसई२’ आणि ‘एमएफपीमॅथ’ला ‘एसएसई’ असे दोन्ही द्या. त्याहून जुनं असेल तर ‘एफ-फ्लोट-स्टोअर’. तो सावकाश चालतो आणि पूर्ण इलाजही नाही, पण त्या मशीनवर तुम्ही घाईत नसणारच.

लॅबमधल्या उपकरणाला अजून ४८६ आणि डॉस आहे. त्यासाठी फोरट्रान?

ओपन वॅटकॉम. फोरट्रान ७७ आहे, १६ आणि ३२ बिटी दोन्ही डॉससाठी करतो, आणि आजच्या मशीनवर बसून करतो. डॉसबॉक्समध्ये आधी चालवून पाहा. त्या ४८६ वर ‘एसएक्स’ लिहिलेलं असेल तर त्यात गणिताचा सहप्रोसेसर नाही. वॅटकॉमच्या ‘एफपीआय’ पर्यायाने त्याची नक्कल करणारा भाग प्रोग्रामात जोडला जातो. आणि हो, मशीन चालतंय तोवर त्याची हार्ड डिस्क उतरवून घ्या. आज. आमच्याकडे जूनमध्ये वीज कशी येते-जाते हे मी गोंयकारांना सांगायला नको.

बायनरी फाइल वाचताना “एंड ऑफ फाइल” येतं. फाइल तर दोनशे एमबीची आहे.

‘ओडी’ कमांडने फाइलचे पहिले चार बाइट सोळा-आधारी अंकांत बघा. फोरट्रानची अनफॉरमॅटेड सिक्वेन्शल फाइल प्रत्येक रेकॉर्डाच्या आधी आणि नंतर त्याची लांबी लिहिते. रेकॉर्ड ८० बाइटांचं असेल तर इंटेलच्या फाइलीत ५०, ००, ००, ०० दिसेल. सन स्पार्कसारख्या मशीनच्या फाइलीत ००, ००, ००, ५०. उलटं दिसलं तर ‘ओपन’मध्ये ‘कन्व्हर्ट’ला ‘बिग-एंडियन’ द्या, किंवा कंपाइल करताना ‘एफ-कन्व्हर्ट’. कोडला हात लावायचा नसेल तर हेच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलनेही होतं.

५० नंतर सात शून्य बाइट दिसले तर लांबी आठ बाइटांत लिहिलेली आहे. जीफोरट्रानच्या अगदी सुरुवातीच्या आवृत्त्या ६४ बिटी मशीनवर तसं करायच्या. ‘एफ-रेकॉर्ड-मार्कर’ला ८ द्या.

व्हॅक्सच्या टेपवरून उतरवलेली फाइल आहे. बाइट फिरवले, तरी आकडे मोठे येतात.

चौपट येतात ना? मलाही आले होते. मांडवीच्या तोंडाशी नऊ मीटरची भरती! उधाणालासुद्धा आपला समुद्र दोन-अडीच मीटरच हलतो. मी तीन दिवस एककांचा घोळ शोधत होतो, फूट की सेंटिमीटर करत.

गंमत अशी. व्हॅक्सच्या चार बाइटी ‘एफ’ नमुन्यात १.० ही संख्या फाइलीत ८०, ४०, ००, ०० अशी दिसते. इंटेलवर तशीच वाचली तर नगण्य, शून्यासारखी संख्या येते, कारण व्हॅक्स दोन-दोन बाइटांच्या जोड्या उलट्या क्रमाने ठेवतो. जोड्यांची अदलाबदल करून वाचली की आज तिचा अर्थ होतो ४.०. घातांकाचा आरंभ व्हॅक्सने एकाने वेगळा धरला आणि अपूर्णांकही एकाऐवजी अर्ध्यापासून सुरू केला. दोन्ही मिळून दोनदा दुप्पट. म्हणून जोड्या बदला आणि चाराने भागा.

आठ बाइटांचे नमुने दोन, ‘डी’ आणि ‘जी’, आणि फाइलीकडे बघून कुठला ते कळत नाही. ‘जी’लाही चाराचाच हिशेब लागतो, ‘डी’च्या घातांकाची रुंदीच निराळी. जीफोरट्रानचा ‘कन्व्हर्ट’ व्हॅक्स ओळखत नाही. इंटेलचा कंपाइलर ओळखतो, आणि आयबीएमचे व क्रेचे जुने नमुनेही ओळखतो. एवढ्या कामापुरता तो बसवून, फाइल मजकुरात उतरवून घ्या आणि पुन्हा त्या वाटेला जाऊ नका.

प्रत्येक रनला उत्तर वेगळं येतं.

सबरूटीनमधली चलं. जुन्या यंत्रांवर ती बहुधा ठरलेल्या जागी राहायची; पुढच्या कॉलला मागची किंमत तशीच मिळायची, आणि कितीतरी मशीनांवर सुरुवातीला शून्यही असायची. लोकांनी त्यावर विसंबून मोजणी केली. आता ती स्टॅकवर (तात्पुरत्या मेमरीत) येतात आणि आत आधीच्याचा कचरा असतो. ‘एफ-नो-ऑटोमॅटिक’ आणि ‘एफिनिट-लोकल-झीरो’ लावून पाहा. उत्तर स्थिर झालं की ‘सेव्ह’ कुठे हवं ते शोधा. सोबत ‘एफ-चेक’ला ‘ऑल’ द्या, ॲरेच्या बाहेर लिहिणाऱ्या ओळीही सापडतील.

तरीही एखादं लूप एक फेरी कमी करत असेल तर कोड १९७७ च्या प्रमाणाआधीचा समजा. त्या काळी अनेक कंपाइलरांवर डू-लूप निदान एकदा फिरायचंच, मर्यादा उलटी असली तरी. आता शून्य वेळा फिरतं.

स्पार्क, अल्फा, इटॅनियम यांच्यासाठी काही विशेष?

स्पार्कवर “बस एरर” आली तर कॉमन ब्लॉक बघा : चार बाइटी इंटिजरनंतर लगेच आठ बाइटी रिअल ठेवलाय का. इंटेल हे खपवून घेतो, स्पार्क नाही. मोठी चलं आधी मांडा, आणि सगळ्या फाइलींत मांडणी एकसारखी ठेवा. अल्फावर ‘एम-आयट्रिपलई’ दिल्याशिवाय नॅन किंवा अनंत आला की प्रोग्राम मरतो. इटॅनियमची विक्री २०२१ ला संपली आणि लिनक्स कर्नलनेही २०२४ च्या आरंभी ६.७ आवृत्तीत त्याला निरोप दिला. असेल तर आहे त्या सिस्टिमवरच चालवा, अपडेट करू नका.

आमचा कोड पूर्वी पुण्याच्या परम महासंगणकावर चालायचा असं सर सांगतात.

कुठल्या परमवर ते विचारा. १९९१ चा परम ८००० इन्मॉसच्या ट्रान्सप्युटरवर होता, १९९८ चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्कवर, २००३ चा पद्म आयबीएमच्या पॉवर-४ वर. बारा वर्षांत तीन घराणी. ट्रान्सप्युटरच्या काळातला असेल तर प्रोसेसरांत निरोप पाठवणारे कॉल एमपीआय या आजच्या प्रमाणात नव्याने लिहावे लागतील. गणिताचा भाग मात्र जसाच्या तसा उचलता येतो.

मूळ यंत्रावरचंच उत्तर हवं असेल तर?

सिमएच व्हॅक्स आणि पीडीपी-११ ची नक्कल करतो, हर्क्युलिस आयबीएम ३७० ची. हर्क्युलिसवर जुनी एमव्हीएस ३.८ ही ऑपरेटिंग सिस्टिम उभी करून त्या काळचा फोरट्रान जी किंवा एच चालवता येतो. छापील निकाल हरवला असेल तर मी हा खटाटोप करतो; खोट्या मशीनवर खरा आकडा काढायचा आणि तो मापाला धरायचा. डेकच्या सॉफ्टवेअरचा परवाना आपल्याला लागू होतो का ते आधी बघा.

“टाइप मिसमॅच” च्या शेकडो एरर आल्या. मागच्या वर्षीपर्यंत कंपाइल होत होतं.

जीसीसी १० पासून तो कडक झाला. ‘एफ-अलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ द्या आणि ‘एसटीडी’ला ‘लेगसी’. पण त्या ओळी एकदा वाचा. शंभरातल्या नव्वद निरुपद्रवी असतात, उरलेल्या दहांत तुमचा खरा बग असतो.

“मोड फाइल ओळखता येत नाही” म्हणजे?

मोड फाइलींत कंपाइलर मॉड्यूलची माहिती साठवतो. त्या कंपाइलरागणिक वेगळ्या असतात, कधी आवृत्तीगणिकही. प्रत्येक आर्किटेक्चरसाठी वेगळा फोल्डर करा, कॅपिटल ‘जे’ पर्यायाने मोड फाइली तिकडेच पाठवा. एका फोल्डरात सगळं कालवलं की मासळी बाजार.

उत्तरात किती फरक चालतो?

“शेवटच्या अंकात फरक आहे” ऐकलं की मी विचारतो, कुठला शेवटचा? साध्या रिअलला जेमतेम सात दशांश अंक. भरतीची उंची सहाव्या-सातव्या अंकात हलली तर दोन प्रोसेसरांत ते होणारच. समुद्रावरचं मोजमापच सेंटिमीटरच्या मागेपुढे असतं. तिसऱ्या अंकात हलली तर चूक आहे, कितीही लहान दिसो. हवामानाच्या मॉडेलात मात्र पहिल्या दिवसाची तुलना करा, दहाव्या नव्हे. तिथे बारीक फरक दिवसागणिक वाढत जातो आणि दोन्ही उत्तरं ‘बरोबर’ असूनही जुळत नाहीत.

यापेक्षा सगळं पायथनमध्ये लिहून टाकलं तर?

लिहा. छापील निकालाशी जुळवून दाखवा, मग जुनं फेका. आजवर माझ्याकडे असा कोड घेऊन आलेल्यांपैकी बहुतेकांना पहिलं वाक्य आवडलं, दुसरं नाही.

घरात पंच कार्डांचा गठ्ठा सापडला आहे. काय करू?

आधी त्याचा क्रम मोडू नका. रबरबँड कुजलेलं असतं, उचलताच सुटतं. गोव्याच्या दमटपणात कार्डं फुगून एकमेकांना चिकटतात, ती ओढू नका, पंख्याखाली चार दिवस ठेवा. मग प्रत्येकाचा फोटो. वरच्या कडेला अक्षरं छापलेली असतील तर थेट टाइप करता येतं, नसतील तर भोकं वाचावी लागतील.

टाइप करताना : पहिले पाच कॉलम लेबलचे, सहावा पुढे-चालूचा, सात ते बहात्तर मजकूर. त्र्याहत्तर ते ऐंशीमध्ये कार्डाचा क्रमांक असतो, तो कंपाइलर वाचत नाही. पण लांब ओळींसाठी कुणी ‘एफ-फिक्स्ड-लाइन-लेंग्थ-१३२’ लावून ठेवला असेल तर तेच क्रमांक कोडाचा भाग समजले जातात आणि ओळीओळीला एरर येतात. भाच्याने गेल्या चवथीला हेच केलं होतं. चारशे एरर, एक पर्याय काढला, एकही उरली नाही. तोवर नेवऱ्या संपल्या होत्या.